तेली बाजाराला गेलाय

पडक्या गावांची हौस असलेल्या माणसांचा मला राग येतो. खोटं कशाला बोलू? सुटी लागली की ती पुण्याहून लोणावळ्याला उतरतात. गळ्यात दुर्बीण, हातात काठी, पिशवीत खाण्याचे डबे. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, की शाळेतल्या त्या बाई पवन मावळात नांदल्या आहेत, त्यांना विचारा. मग माझ्या ओटीवर बसून चहा पितात आणि विचारतात, "ह्या भागात पाहण्यासारखं काय काय आहे?" मी सांगते. कार्ल्याला सगळेच जातात, तुम्ही भाज्याला जा, जमलं तर बेडशाला जा, तिथं अजून शांत आहे. विसापूरवर चढा, तटावरून फिरा, पण पाणी बरोबर न्या. लोहगड सोपा आहे, पोराबाळांनाही झेपेल. इथवर मी गोड बोलते. पण एखादा चिवट निघतोच. "आणि नदीपलीकडं गडाखाली एक उजाड पेठ आहे म्हणे? अख्ख्या बाजाराची जोती अजून शाबूत आहेत म्हणतात?"

"आहेत," मी म्हणते. "मी राहत होते तिथं."

"काय सांगता! भाग्यवान आहात हो!"

मग मात्र मी उठते आणि कपबशा उचलायला लागते. भाग्य म्हणे. त्या गडाचं नाव मी इथंही लिहिणार नाही. लिहिलं तर आणखी चार दुर्बिणी तिकडं जातील.

माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. मी इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत वाढले, चार इयत्ता शिकले आणि परकर सुटायच्या आत ह्या पेठेत सून म्हणून गेले. मळवलीला गाडीतून उतरायचं, लोहगड-विसापूरच्या मधली खिंड चढून पलीकडं उतरायचं, नदी ओलांडायची आणि मग गडाच्या दिशेनं चालत राहायचं. वाटेत मला वाटलं होतं, पेठ म्हणजे दुकानं असणार, बांगड्यांची माळ दिसणार. वरातीच्या पुढं वाजंत्री वाजत होती आणि दोन्ही बाजूंना नुसती जोती. छप्पर नाही, भिंत नाही. घडीव काळ्या दगडांची सरळ ओळ, मधून फरसबंदी रस्ता, रस्त्याच्या कडेनं दगडी गटार. जोत्यांवर निवडुंग आणि रानतुळस माजलेली. मी पदराआडून नवऱ्याला विचारलं, "गाव कधी येणार?" तो म्हणाला, "आलं की. ह्येच."

एके काळी गडावर शिबंदी होती तेव्हा ही पेठ भरलेली होती. गड गेला, शिबंदी गेली, मग बाजारही पांगला. उरलं ते प्लेगनं नेलं. मी गेले तेव्हा पाच-सहा घरं वसती होती. माझे सासरे पेठेचे शेटे, म्हणजे बाजारपेठेचे पाटीलच म्हणा. दुकान एक नाही आणि शेटे! सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी जवळून पाहिला आहे. भाताची खाचरं करायची, म्हशी राखायच्या, पण दसऱ्याला फेटा बांधून पेठेच्या वेशीत उभं राहायचं आणि आपट्याचं पान पहिल्यांदा आपण घ्यायचं. द्यायला माणसं चार असली तरी चालतील.

म्हातारा वाईट नव्हता. हे मी रागावूनही लिहिते, कारण ते खरं आहे. मला त्यांनी कधी हात लावला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. सगळा मुलूख त्यांना आबा म्हणायचा, मी मामंजी म्हणायचे. कुणी परका माणूस पेठ बघायला आला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. "ह्यो तेल्याचा घाणा बगा. ह्या रंगाऱ्याच्या कुंड्या, अजून निळ्या हायती, हात लावा. हितं कासार बसायचा. पावसात अजून बांगड्यांच्या काचा वर येत्यात." पाहुणे 'वा वा' करायचे. एकानं तर रंगाऱ्याच्या कुंडीत उतरून चित्र काढलं होतं. मी आतून बघायचे आणि मनात म्हणायचे, राहा की मग दोन दिवस, विंचू झाडत.

पहिल्या लढाईच्या शेवटाला मानमोडी आली. असा ताप त्याआधी कुणी पाहिला नव्हता. सकाळी नांगर धरलेला माणूस संध्याकाळी आडवा. आमच्या पेठेत पिराची सेवा करणारा म्हातारा मुलाणी गेला, त्याची बायको गेली, गुरव गेला, माझी सासू गेली. लोणावळ्याला माझे वडील गेले. उरलेली दोन घरं नदीपलीकडं भावकीत निघून गेली, ती परत आली नाहीत. माझे यजमान तोवर रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी म्हणून लागले होते. महिन्या-दोन महिन्यांनी गूळ-मीठ घेऊन यायचे. म्हणजे पेठेत आम्ही उरलो तिघं. सासरे, मी आणि माझी चार वर्षांची मुलगी.

तेव्हा तो शब्द घरात आला. शेजारच्या गावचा पाटील एकदा बांधावरून ओरडून सांगून गेला, की आबा, तुमची पेठ आता सरकारी दप्तरात बेचिराख लिहिणार, सर्कलसाहेब पाहणीला येणार आहेत. शहरातल्या एका कंत्राटदाराचा पेठेच्या घडीव चिऱ्यांवर डोळा होता. आंदर मावळात धरणाचं काम निघालं होतं, दगडाला मागणी होती. पेठ बेचिराख लिहिली की ती सरकारजमा, जमीन शेजारच्या गावात सामील, चिरे गाडीत. शेटेपण तर गेलंच.

मी लोणावळ्याची शहाणी. मी म्हटलं, "मामंजी, बेचिराख म्हणजे जळून राख झालेलं. आपलं काही जळालेलं नाही, घाबरता कशाला?"

"राख न्हवं गं," ते म्हणाले. "मुलाणी सांगायचा मला. चिराग म्हंजी दिवा. बे म्हंजी नसल्याला. ज्या गावात दिवा न्हाई, ते बेचिराख."

शब्दाचा अर्थ त्यांचाच बरोबर होता, हे मला पुढं मास्तरीण झाल्यावर कळलं. पण तो अर्थ त्यांनी असा काही धरला, की विचारू नका. दिवा नाही ते गाव बेचिराख, तर दिवे लावायचे! आपल्या घरात एक लावून भागणार नाही, एका दिव्याला कोण गाव म्हणेल? पेठ म्हटली की घरोघर दिवा पाहिजे. ज्या जोत्यांवर भिंतीचा तुकडा उभा होता आणि त्यात दिवळी, म्हणजे दिव्याचा कोनाडा, शाबूत होती, अशी पाच-सात घरं त्यांनी निवडली. तेल्याचं, कासाराचं, रंगाऱ्याचं, सोनाराचं, वाण्याचं. दिवळ्यांवर गवताच्या झापा टाकल्या, म्हणजे पावसात विझायला नको. दिवेलागणीला सर्वांमध्ये पणती लागली पाहिजे. सर्कल कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूनं येईल कोण सांगणार? नदीपलीकडून बघितलं तरी पेठ नांदती दिसली पाहिजे. आणि सकाळी दोन घरांत शेणीचा जाळ करून धूर काढायचा. हे करणार कोण? सूनबाई.

मी तोंड सोडलं होतं, नाही असं नाही. "भाजीला फोडणी द्यायला तेल नाही आणि भुतांना दिवे?" म्हटलं होतं. ते म्हणाले, "खुरासणी हाय न्हवं शेतात? गाळून आनतो." आणि खरंच आणलं. घरात आमटी कोरडी आणि वाण्याच्या पडक्यात पणती तेलानं तुडुंब. यजमानांना सांगितलं तर ते जमिनीकडं बघत म्हणाले, "आबांपुढं मी काय बोलू? त्यांचं तेवढंच राहिलंय." शेडमध्ये मोठमोठी इंजिनं ढकलणारा माणूस, बापापुढं मांजर.

माझ्या मुलीला मात्र ते दिवे फार आवडायचे. मी तिला कडेवर घ्यायचे, तेलाची वाटी तिच्या हातात. एकेका जोत्यापाशी ती मोठ्यानं सांगायची, "ह्ये तेल्याचं! ह्ये कासाराचं!" घर तिला पाठ, माणूस एक माहीत नाही. एकदा तिनं आजोबांना विचारलं, "आबा, तेली कुटं हाय?"

"बाजाराला गेलाय."

"आन् कासार?"

"तो बी बाजाराला गेलाय. येतील समदी."

झालं. पोरीनं ते खरं धरलं. अख्खी पेठ बाजाराला गेली आहे आणि अंधार पडायच्या आत परत येणार आहे, म्हणून आपण दिवे लावतो, असं तिचं ठरलं. तेली आला की त्याला अमुक सांगू, कासार आला की मला हिरव्या बांगड्या भर म्हणू. त्या कासाराच्या जोत्यामागून ती काचेचे तुकडे वेचून आणायची आणि फडक्यात बांधून ठेवायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं वेडे, मेली ती माणसं केव्हाच." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मीच काही खुळ्यासारखं बोलले असावे. मग तीच मला समजावत म्हणाली, "न्हाई गं आये, बाजाराला गेल्यात."

त्या उन्हाळ्यात तिला दिवसाआड हिव भरून ताप यायला लागला. पेठेच्या तळ्यात पाणी सडलं होतं, डासांना ऊत आला होता. हिवताप मावळात नवा नव्हता, पण तिचं पोट वाढत चाललं. डाव्या बरगडीखाली हात लावला की दगडासारखं लागायचं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढं. शेजारच्या गावच्या मावशीनं बिब्ब्याचे डाग दिले, कडू काढा दिला. ताप हटेना.

लोणावळ्याला रेल्वेचा दवाखाना होता. तिथं कोयनेलची पूड मिळायची, रेल्वेच्या माणसांच्या बायकापोरांना फुकट. वडिलांमुळं मला तो दवाखाना घरासारखा ओळखीचा. हिवतापानं पिवळी पडलेली पोरं तिथून महिन्याभरात पळत जाताना मी पाहिली होती. नवरा तिथंच नोकरीला, रेल्वेच्या लायनीत खोली मिळत होती. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त माझं पेठेतून निघणं होत नव्हतं.

मी ज्येष्ठात सासऱ्यांपुढं जाऊन बसले. नदीला अजून पाणी नव्हतं, गुडघ्याएवढी धार. म्हटलं, "मामंजी, मी हिला घेऊन लोणावळ्याला जाते. बरी झाली की येते."

ते भाताचं बी निवडत होते. हात थांबले. "दोगी बी?"

"ती एकटी कशी जाईल? चार वर्षांची पोर."

"सर्कल यायचा हाय गं. तुमी दोगी गेल्यावर मी येकला म्हातारा. येवढ्या घरांत दिवा कोन लावंल? धूर कोन काडंल? येकाच घरात जाळ दिसला की लिवलंच बेचिराख. माज्या बापाची पेठ माज्या हातनं बुडायची?"

"आणि पोरीला काही झालं म्हणजे?"

"काय व्हत न्हाई. मला बी ल्हानपनी पानथरी व्हती. दसऱ्यापतुर कळ काड. पाहनी झाली की मी सोता खांद्यावर घिऊन येतो तिला."

मी रडले, भांडले. दोन दिवस चूल पेटवली नाही. त्यांनी स्वतः पेटवली, धूर निघाला पाहिजे म्हणून. तिसऱ्या दिवशी मी बोचकं बांधलं आणि पोरीला घेऊन वेशीपर्यंत गेले. ते आडवे आले नाहीत. वेशीच्या पायरीवर बसून राहिले, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. त्या माणसाला उघड्या डोक्यानं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोकं अगदी लहान दिसत होतं. म्हणाले, "जा पोरी. म्या काय सुनेला दाव्यानं बांदनार हाय? जा."

आणि मी परत फिरले. एकोणीस वर्षांची होते. धाक दाखवला असता तर गेले असते, पण ते उघडं डोकं बघून पाय उचलेना. पुढं चार दिवसांत पाऊस लागला आणि नदी दुथडी झाली. मावळातली नदी एकदा भरली की दोन महिने पलीकडचा माणूस पलीकडंच.

श्रावण कसाबसा गेला. ताप येत होता, उतरत होता. दिवे चालूच. मी पोरीला पाटावर निजवून पावसासाठी पानांचं इरलं डोक्यावर घेऊन जायचे, पणत्या लावून धावत यायचे. आल्या आल्या ती विचारायची, "आली का समदी?" भाद्रपदात ताप उतरेनासा झाला. डोळे पांढरे करायला लागली. आबा त्या सकाळी नदीवर गेले होते, कुणी पोहणारा मिळतो का, पलीकडं निरोप देतो का बघायला. पाणी झाडांच्या फांद्यांना लागलं होतं. भिजून परत आले तेव्हा मी पोरीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसले होते. तिचं अंग भट्टीसारखं आणि तोंडानं एकच, "आये, कासार आला. दार उगड. कासार आला." मी म्हटलं, "हो गं बाई, आला. उघडते." दार उघडंच होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. उजाडून सूर्य कासराभर वर आला असेल नसेल, ढगांत कळत नव्हतं, तेवढ्यात ती गेली.

लहान पोर, जाळायचं नाही, पुरायचं. आबांनी एकट्यांनी खड्डा काढला. घरामागं नाही, कासाराच्या जोत्यामागं, जिथं ती काचा वेचायची तिथं. म्हणाले, "बांगड्या पायजेल व्हत्या न्हवं तिला." मी त्यांच्या तोंडाकडंही बघितलं नाही. माझ्या डोक्यात असली तिडीक गेली होती, की ती कुदळ माझ्या हातात असती तर काय झालं असतं देव जाणे. जोत्याचा एक चिरा त्यांनी ओढून वर ठेवला, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. आणि त्या संध्याकाळी, ऐका, त्या संध्याकाळीही त्यांनी दिवे लावले. मी हलले नाही, म्हणून स्वतः जाऊन लावले. यजमानांना बातमी कळली ती नदी उतरल्यावर.

दसरा झाला. ऊन पडलं, भातं पिवळी झाली आणि एके दिवशी दुपारी सर्कलसाहेब आले. तट्टावर बसून, पट्टेवाला पुढं, शेजारच्या गावचा पाटील मागं. माणूस पोटानं सुटलेला, तोंडानं हसरा. आबांनी फेटा बांधला, पुढं होऊन रामराम केला आणि सुरुवात केली. ह्या दिवसासाठी त्यांनी काय काय योजून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"ह्ये तेल्याचं घर, साहेब. तेली बाजाराला गेलाय. ह्ये रंगाऱ्याचं, तो सासुरवाडीला हाय, उद्याला यील. ह्यो कासार..." इथं ते जोत्याकडं पाठ करून पुढं म्हणाले, "ह्यो बी बाजाराला गेलाय."

पाटील फिदीफिदी हसायला लागला. साहेबांनी त्याला डोळ्यानं गप्प केलं. सगळ्या दिवळ्यांमधली काजळी त्यांनी बोट लावून पाहिली. मग आमच्या ओट्यावर येऊन टेकले. मी तांब्या-भांडं नेऊन ठेवलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "आबा, ह्या पडक्यात रोज दिवे लावता?"

"व्हय. नांदतं गाव हाय. रोज लागत्यात."

"अहो, पण कशासाठी? तेल काय फुकट येतं?"

"बेचिराख लिवू ने म्हनून, साहेब. दिवं बगा, धूर बगा. गाव जितं हाय."

साहेब मोठ्यानं हसले. माणूस दुष्ट नव्हता, हसणं आलं म्हणून हसला. "दिवे कोण मोजतो, आबा? ते नुसतं नाव आहे. गावठाणात माणूस राहत नसेल तर बेचिराख. तुमचं घर वसतं आहे ना? तुमची चूल पेटते ना? मग झालं. एक घर राहिलं, एक माणूस राहिला, तरी गाव बेचिराख होत नाही. तुम्ही एकटे इथं राहिलात तरी पुष्कळ."

"येक?" आबा म्हणाले.

"एक."

"म्या येकला असतो तरी?"

"हो, हो. मग सांगतोय काय?"

मी दाराआड उभी होते. परक्या पुरुषासमोर सुनेनं बोलायचं नसतं, पण मी पुढं आले. पदर डोक्यावर होता की नव्हता तेही आठवत नाही. मी विचारलं, "साहेब, म्हणजे आम्ही दोघी लोणावळ्याला गेलो असतो, तरी चाललं असतं?"

"खुशाल जा की! मामंजी राहतील इथं. दोघी कोण, सासूबाई का?"

पाटलाला ठाऊक होतं, त्यानं मान खाली घातली. साहेब तट्टावर बसून गेले. जाताना पेठेची तारीफ करून गेले, म्हणाले, असली दगडी गटारं आता पुण्यातही बांधत नाहीत, एकदा सवडीनं बघायला यायला पाहिजे.

ते वळणाआड जाईपर्यंत आबा ओट्यावर उभे होते. मग खाली बसले. म्हणाले, "सूनबाई, तू जा लोनावळ्याला. म्या हाय हितं येक."

वरातीमागून घोडं! हेच शब्द मी ज्येष्ठात पदर पसरून मागितले होते, नदीला गुडघाभर पाणी असताना. मी म्हटलं, "आता जाऊ? कुणाला घेऊन जाऊ?" आणखीही बोलले. जे जे तोंडाला आलं ते बोलले. तुमच्या भुतांच्या दिव्यांपायी माझी पोर गेली, तुमचं शेटेपण तळ्यात बुडवा, तुमच्या घरात पुन्हा दिवा लागणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मान वर केली नाही, 'चुकलं' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तरी मला पुरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. पाया पडले नाही. बोचकं घेऊन खिंड चढले, मळवलीला गाडी धरली, आणि लोणावळ्याच्या खोलीत जाऊन पडले. ह्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढं मूल झालं नाही. उरलेल्या इयत्ता शिकले, परीक्षा दिली, शाळेत लागले. हे सगळं झालं, पण ती हकीकत वेगळी आहे आणि तिच्यात काही विशेष नाही.

आबा दुसऱ्या पावसाळ्यात गेले. गुराख्यांनी पाहिलं तेव्हा चार-दोन दिवस उलटून गेले असावेत. यजमान जाऊन सगळं करून आले. मी गेले नाही. पेठ मग बेचिराख लिहिली गेलीच. तेव्हा काही चिरे गेले, आणि ह्या लढाईत देहूरोडला लष्कराचे डेपो उभे राहिले तेव्हा ट्रक भरभरून आणखी गेले. कासाराच्या जोत्यामागचा तो एक चिरा राहिला की गेला, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पण एक गोष्ट मला कळली आणि ती न कळती तर बरं झालं असतं. पवन मावळातली एक धनगरीण लोणावळ्याच्या बाजारात लोणी विकायला यायची. तिनं मला ओळखलं. पाटी खाली ठेवून माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाय, तू गेल्यावर म्हाताऱ्यानं पडक्यातलं दिवं बंद क्येलं. घरात बी लावत न्हवता. अंदारात भाकर खायाचा. येकच दिवा लावायचा, तुज्या पोरीपाशी, त्या कासाराच्या मागं. पावसात वर इरलं धरून बसायचा गं, विझू ने म्हनून. लय माया व्हती म्हाताऱ्याला."

बाईनं चांगल्या मनानं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी येईल, मी म्हाताऱ्याला माफ करीन, असं तिला वाटलं असणार. माझ्याबरोबर बाजाराला आलेल्या शेजारणीलाही तसंच वाटलं, ती तर पदराला डोळे पुसायला लागली. मला रडू आलं नाही. मला असा संताप आला, की मी लोणी न घेताच उठले. माया होती, ते मला कुणी सांगायला नको होतं. चार वर्षं मी ती रोज पाहत होते. पावसात इरलं धरून बसायचं होतं तर ज्येष्ठात धरायचं. त्याच इरल्याखाली पोरीला खांद्यावर घ्यायचं आणि खिंड चढायची, पाऊस लागायच्या आत. दिवा काय करायचा होता तिला? तिला लोणावळ्याला न्यायचं होतं.